वरच्या गावची मोटर

दुकान,
६ फेब्रुवारी

चि. पकडीस,
अनेक उ. आ. वि. वि.

तुझा अर्ज मंडळापुढे आला आणि परत गेला. तो परत पाठवणारी मी. ही बातमी दुसऱ्या कोणाच्या तोंडून तुझ्यापर्यंत पोचण्याआधी माझ्या हातून पोचावी म्हणून आजच लिहून दूधगाडीबरोबर पाठवते आहे. फोन केला असता, पण तुमच्याकडे आवाज तुटतो आणि अर्धं ऐकून पूर्ण भांडण होतं.

काल दुकानं बंद झाल्यावर आम्ही दुकानदार नेहमीसारखे बियाणेवाल्यांच्या माडीवर जमलो. अध्यक्ष तेच असल्याने त्यांनी तुझा अर्ज मोठ्याने वाचला. वरच्या गावात मोटर-पंप दुरुस्तीचं दुकान काढायचं आहे, शहरातला अभ्यासक्रम पुरा केला आहे, त्याआधी शाळेच्या सगळ्या सुट्ट्या काकांच्या हाताखाली घालवल्या आहेत. मंडळाने पाठीशी उभं राहावं, म्हणजे तांब्याची तार आणि सुटे भाग विकणारे मोठे व्यापारी दारात उभं करतील. मजकूर चांगला होता, अक्षर त्याहून चांगलं.

आपली रीत तू लहानपणापासून पाहिली आहेस. नवा माणूस धंद्यात उतरला की प्रत्येक जुन्या दुकानाने आपलं एखादं काम त्याच्यासाठी सोडायचं. चष्मेवाले आले तेव्हा घड्याळवाल्यांनी चष्म्याच्या काड्या बसवणं सोडलं. टायरवाल्यांसाठी सायकलवाल्यांनी गाड्यांची पंक्चरं सोडली. आणि दुसरी रीत अशी, की एकानेही नाही म्हटलं तर तिथेच थांबायचं. सोडायचं ते मनापासून, नाहीतर सोडलेलं काम माणूस मागच्या दाराने परत घेतो, असं तुझे काका म्हणत.

मी नाही म्हटलं. का, ते कोणी विचारलं नाही. बियाणेवाल्यांनी चष्म्याची घडी घातली आणि विषय गटारांवर नेला. गिरणीवाली तेवढी माझ्याकडे जरा वेळ बघत राहिली.

तुला मात्र कारण कळायला हवं. दोन वर्षांपूर्वी तुमच्या गावच्या पाण्याची मोटर दुरुस्त करून हे खाली यायला निघाले आणि वळणावर गाडी रस्ता सोडून दरीत गेली. तू वर दुकान काढलंस की तुमच्याही वरच्या वस्त्यांमधून तुला बोलावणी येणार, आणि तू जाणार. नाही म्हणायला तू शिकलेली नाहीस. तुला शिकवलं कोणी ते मी जाणते. घरातलं एक माणूस त्या रस्त्याने नेलं. दुसरं मी माझ्या संमतीने पाठवणार नाही.

तेव्हा तू खाली ये. अर्धं दुकान तुझं, आणि भांडलीस तर सगळं. वाइंडिंग मी अजून नीट करते, पण जड मोटर उचलायची म्हटली की कंबर आधी माझ्याशी वाटाघाटी करते. जुनं गिऱ्हाईक फोनवर यांना विचारतं, तेव्हा अजूनही माझ्या तोंडून ते बाहेर गेलेत असंच निघतं. निदान फोन उचलायला तरी दुसरं कोणी हवं.

वाचनालयातून मधमाश्यांवरचं पुस्तक आणलं आहे. त्यातल्या राणीमाशीचे हाल वाचले की माणसाचा जन्म बरा वाटतो. लहानपणी हातात धरलेली वस्तू सोडायची नाहीस म्हणून काकांनी तुझं नाव पकड ठेवलं. आता एवढा हट्ट सोड. रागावलीस तरी चालेल, अबोला धरू नकोस.

तुझी,
काकू


घर,
१० फेब्रुवारी

ती. काकूस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. तू सरळ लिहिलंस, म्हणून मीही सरळ लिहिते. बाबा म्हणाले की चार दिवस जाऊ देत, मग लिही. चार दिवसांनी मी हेच लिहिलं असतं, फक्त गोड करून.

मी खाली येणार नाही. खाली तू आहेस, वर कोणी नाही. सध्या मी ओसरीवर बसून बेअरिंग बदलते, सील बदलते, तुटलेली तार जोडते. पण वाइंडिंग जळलं की हात टेकते. त्याला तार हवी, मोटर उचलायला चेनपुली हवी, व्हार्निश वाळवायला भट्टी हवी. शहरातल्या व्यापाऱ्याकडे गेले तर तो विचारतो, तुमच्या बाजारात तुम्हाला ओळखतं कोण. त्याचंही चुकत नाही.

गावच्या पाण्याची मोटर पावसाळा संपल्यापासून बंद आहे. ती खाली का आली नाही हे मी लिहिणार नाही, बाबांना शब्द दिला आहे. बायका खालच्या विहिरीवरून पाणी आणतात आणि चढ चढतात. आईचा उजवा खांदा आता वर जात नाही. केस विंचरायला ती मला बसवते आणि मीच वेळखाऊ आहे म्हणून ओरडते. शेजारचं घर कुलूप लावून शहरात गेलं. जाताना तिथल्या वहिनी म्हणाल्या की पाणी असतं तर विचार केला असता. शाळेतल्या बाईंनी बदली मागितली आहे. अशी एकेक जण कुलूप लावत गेली, तर मी दुरुस्त कोणासाठी करायचं?

रस्त्याचं म्हणशील तर तो आहे तसाच आहे. दूधगाडी रोज जाते, शाळेची मुलं जातात. हे पत्रही त्याच रस्त्याने तुझ्याकडे येतंय.

आता एक गोष्ट लिहिते आणि लिहिल्यावर खोडणार नाही. काका त्या दिवशी वर आले, कारण वर दुरुस्त करणारं कोणी नव्हतं. कोणी असतं तर ते संध्याकाळी दुकानातच बसलेले असते. तू मला अडवतेस, म्हणजे दुसऱ्या कोणाच्या तरी घरच्या माणसाला तो रस्ता चढायला लावतेस.

मला ते काका होते, काकू. तुझ्याइतकं माझं दुःख नसेल. पण आहे.

राणीमाशीचं पुढे काय झालं ते कळव. तुझा राग कितीही असो, माझ्या वाटणीचा लोभ त्यातून वेगळा काढून ठेव.

तुझीच,
पकड


दुकान,
१५ फेब्रुवारी

चि. पकडीस,
अ. आ.

पत्र पोचलं. लिहिलंस ते लिहिलंस. उत्तर देण्याजोगं माझ्याजवळ काही नाही, आणि मत बदलण्याजोगंही नाही.

समेट करायला तुझ्या बाबांना खाली पाठवू नकोस. आईच्या खांद्यासाठी औषधवाल्यांकडून मलम घेऊन दूधवाल्याकडे दिलं आहे. चोळायचं नाही, नुसतं लावायचं.

मधमाश्यांचं पुस्तक परत केलं. पुढचं वाचवलं नाही.

काकू


दुकान,
३ मार्च

श्री. भावजींस,
अ. आ. वि. वि.

हे पत्र तुमच्या लेकीला दाखवा किंवा दाखवू नका, पण उत्तर तुम्ही स्वतः लिहा. तुम्हाला लिहायचा कंटाळा आहे हे मला लग्न झाल्यापासून माहीत आहे. या वेळी तो ऐकून घेणार नाही.

परवा बियाणेवाल्यांनी एक मोटर दुकानात आणून ठेवली. त्यांच्या शेतातली, वाइंडिंग जळलेली. गेली दोन वर्षं त्यांच्या शेतातल्या मोटरी माझ्याकडे येतात, इतक्या येतात की मी त्यांना मागे एकदा म्हटलं होतं, तुमच्या शेतात पिकापेक्षा मोटरीच जास्त उगवतात. तुम्ही त्या वापरता की बडवता, असंही म्हटलं होतं. त्यांनी बिचाऱ्यांनी सगळं ऐकून घेतलं होतं.

या वेळी मोटर पुसून आणायचं राहिलं असावं. मागचं झाकण काढलं तर पंख्याच्या पात्यांत लाल माती घट्ट बसलेली. बियाणेवाल्यांचं शेत नदीकाठी, काळ्या मातीचं. मी त्यांना बोलावून विचारलं की तुमचं शेत डोंगर कधी चढलं. ते म्हणाले, वाऱ्याने उडून आली असेल. मी म्हटलं, वाऱ्याने माती उडते, अशी थापून बसत नाही. मग ते यांच्या स्टुलावर बसले. अध्यक्ष माणूस, पण शाळेत पकडलेल्या पोरासारखा चेहरा झाला होता. ती मोटर तुमच्या गावची आहे, एवढं त्यांनी सांगितलं. बाकीचं तुम्हाला विचारायला सांगून ते निघून गेले, आणि छत्री इथेच विसरले.

भावजी, आतापर्यंत अशा किती मोटरी आल्या ते मी विचारत नाही. का, तेवढं सांगा. तुमची लेक लिहिते की बाबांना शब्द दिला आहे. मला न सांगण्याचा शब्द माझ्याच घरात घेतला जातो, हे मला इतक्या वर्षांत ठाऊक नव्हतं.

धाकटीचा खांदा कसा आहे? मलम संपलं असेल तर सांगा. रागाने लिहीत असले तरी तुमच्यावरची माया आटलेली नाही, हे ध्यानात ठेवून उत्तर लिहा.

तुमची,
वहिनी


घर,
७ मार्च

ती. वहिनींस,
सा. न. वि. वि.

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितो. मला नीट मांडता येत नाही. चुकलं तर सांभाळून घ्या.

दादा गेल्यावर आजारातून उठून तुम्ही दुकान उघडलंत, त्यानंतर आमच्याकडचा सुतार मोटर घेऊन तुमच्याकडे आला होता. तुम्हाला आठवत नसेल. कुठून आणली असं तुम्ही विचारलं आणि त्याने गावाचं नाव घेतलं. तुम्ही हातातला पाना खाली ठेवलात आणि आत गेलात. बराच वेळ थांबून तो मोटर तशीच उचलून बियाणेवाल्यांकडे गेला. पुढे काही दिवस दुकान बंदच होतं. सुतार परत आला तेव्हा रडत होता. आपल्या एका शब्दाने वहिनींना पुन्हा आजारी पाडलं, असं म्हणत होता.

मग असं ठरलं की तुमच्यासमोर गावाचं नाव घ्यायचं नाही. ठरलं म्हणजे कोणी बसून ठरवलं नाही. होत गेलं. मोटर जळली की आम्ही ती भाजीच्या पोत्यांखाली घालून बियाणेवाल्यांच्या गोदामात उतरवायचो. ते स्वतःची म्हणून तुमच्याकडे आणायचे. लगोलग आणली तर तुम्हाला संशय येईल म्हणून थांबून थांबून आणायचे. तेवढे दिवस इकडे शेत वाळायचं. त्यांचा दोष नाही वहिनी. त्यांना तुमची काळजी होती. आम्हालाही होती.

बाजारातली माणसंही वर यायची थांबली. पाइपवाल्यांची गाडी खालच्या पुलाशीच माल उतरवून परत जाते. चष्मेवाले महिन्यातून एकदा येऊन डोळे तपासायचे, ते बंद झालं. त्या रस्त्याने जाताना कसंतरी होतं, आणि वहिनींना कळलं तर त्यांना काय वाटेल, असं सगळे म्हणतात.

गावच्या पाण्याची मोटर मोठी आहे. ती पोत्याखाली मावत नाही आणि कोणाच्या शेतातली म्हणून खपत नाही. शिवाय दादांनी शेवटी हात लावला तो तिलाच. ती तुमच्यापुढे कशी आणायची? म्हणून ती आहे तिथेच आहे.

पोरीने तुम्हाला जे लिहिलं ते मला नंतर कळलं. मी तिला रागावलो. ती म्हणाली, खोटं असेल तर सांगा. 

हिचा खांदा मलमाने थोडा बरा आहे. पाणी आणायचं थांबलं तर पूर्ण बरा होईल, पण ते तुम्हाला कळवू नका असं ती म्हणाली होती. मी कळवून बसलो. मोठ्या मनाने पोटात घाला.

तुमचा,
धाकटा दीर


दुकान,
१९ मार्च

चि. पकडीस,
अनेक उ. आ. वि. वि.

तुझ्या बाबांचं पत्र आल्यावर काही दिवस मी नुसतं काम करत राहिले. ती लाल मातीची मोटर तुमच्या गावच्या नावाने पुरी केली, पाटीवर खडूने गावाचं नाव लिहिलं आणि दुकानाच्या दर्शनी भागात ठेवली. येणारा-जाणारा बघायचा आणि मान खाली घालून पुढे जायचा. शेवटी मीच दुकानादुकानांत जाऊन बैठकीचं सांगून आले.

काल सगळे आले. इतके सगळे क्वचितच येतात. मी उभी राहिले. बोलायचं पाठ करून गेले होते, ते सगळं विसरले. एवढंच म्हणाले, "तुम्ही दोन वर्षं मला जपलंत. त्याचा भार वरच्या गावच्या बायकांनी डोक्यावर वाहिला. हे मी मागितलं नव्हतं, आणि आता पुरे."

 मग टायरवाले म्हणाले की त्यांनी तेव्हापासून वरच्या बाजूला गाडीच पाठवलेली नाही. पाइपवाले म्हणाले की पुलाशी माल उतरवताना त्यांना दर वेळी लाज वाटायची, पण पुढे जायला त्याहून जास्त वाटायची. चष्मेवाल्यांनी मान्य केलं की त्यांना घाटात गाडी लागते, त्यामुळे कारण मिळाल्याचं थोडं बरंही वाटलं होतं. त्यावर सगळे हसले. मला हसू आलं नाही, पण त्यांच्या हसण्याचं बरं वाटलं. माझ्या मनात आलं की आपण एका माणसाला रडत होतो, आणि आपल्या रडण्याभोवती सगळा बाजार चवड्यांवर चालत होता. कोणाचा हेतू वाईट नव्हता. वाईट असता तर माझ्या लवकर लक्षात आलं असतं.

मग मी तुझा अर्ज पुन्हा मांडला आणि सोडायला सुरुवात माझ्यापासून केली. पुलापलीकडच्या सगळ्या मोटरी मी सोडल्या. आता त्या तुझ्या. पाइपवाल्यांनी वरच्या गावांमधली पाइप-जोडाची विक्री सोडली. माल त्यांचा, विकायचा तू. टायरवाल्यांकडे चेनपुली पडून होती ती ते देतात. तारेच्या व्यापाऱ्याकडे गिरणीवाली स्वतः येते आहे, तुझी ओळख करून द्यायला. तो तिचा मामेभाऊ आहे आणि तिला घाबरतो. बियाणेवाल्यांची पाळी आली तेव्हा ते म्हणाले की माझ्याजवळ सोडण्यासारखं एकच आहे, ते डोंगरावरचं शेत. ते मी सोडलं. या वेळी मलाही हसू आवरलं नाही.

यानंतर जे झालं तेही सांगते. मी म्हटलं की सुरुवातीचे काही महिने प्रत्येक मोटर तिने खाली माझ्याकडे आणावी आणि माझ्यासमोर उघडावी. गिरणीवाली म्हणाली, नाही. तिच्या पाठीशी उभ्या राहताय की तिला नजरेखाली ठेवताय, असं तिने मला विचारलं.  बियाणेवाले चष्मा पुसायला लागले. माझ्या कानशिलांपर्यंत राग चढला. दोन वर्षांत त्या खोलीत माझ्या शब्दाला नाही म्हणणारी ती पहिली. तू ते पत्रातून केलं होतंस. मग मी बसले. रीत ती रीत. एकाने नाही म्हटलं की थांबायचं.

भीती गेली असं समजू नकोस. ती आहे तिथेच आहे. फक्त मंडळात तिला आता मत नाही.

आणखी एक. पुढच्या बैठकीपासून तूही माडीवर येऊन बसायचंस. वरच्या गावांचं म्हणणं आम्ही आमच्या मनाने ठरवत आलो, त्याचं काय झालं ते पाहिलंस. तिथे भांडताना मी काकू आहे हे विसर. जिना उतरल्यावर मात्र आठवण ठेव.

तुझी,
काकू


दुकान (माझं!),
२२ एप्रिल

ती. काकूस,
शि. सा. न. वि. वि.

वरचा पत्ता लिहिताना हात थांबला होता. मग लिहिलाच.

शेजारच्या कुलूपबंद घराची पुढची खोली मिळाली. शहरातून वहिनींनी किल्ली पाठवली आणि सोबत निरोप, की भिंतीला खिळे मारताना विचार करून मारा, आम्ही परत येऊ शकतो. मी अजून एकही मारलेला नाही. विजेची जोडणी झाली. तारेचे व्यापारी गिरणीवाल्या मावशींसमोर इतके वाकून बोलत होते की माझ्याकडे बघायला त्यांना फुरसतच झाली नाही.

दुकान उघडायच्या दिवशी मंडळाची माणसं टायरवाल्यांच्या गाडीतून आली. चष्मेवाल्यांना खरंच गाडी लागली. उतरल्यावर ते आधी दगडावर बसून राहिले आणि मग दिवसभर लोकांचे डोळे तपासत होते. बियाणेवाल्यांना गावातल्या प्रत्येकाने तुमचं शेत कसं आहे म्हणून विचारलं. तू आली नाहीस. मी कोणाला कारण विचारलं नाही आणि कोणी सांगितलं नाही. तुझ्या नावाने एक खुर्ची ठेवली होती, तिच्यावर शेवटी सुतार बसला. त्याला तुझा निरोप सांगितला, की तू त्याच्यावर कधीच रागावली नव्हतीस.  दुसऱ्या दिवशी तो येऊन कामाचं टेबल ठोकून देऊन गेला.

पाणी सुरू झालं की कोणत्या आळीला कधी सोडायचं, यावर आत्तापासूनच भांडणं आहेत. पाणी नसताना एवढी नव्हती. ती मिटवायला बायकांनी मला पुढे केलं आहे. आजोबा लोक कुरकुरले, मग म्हणाले की मोटर तिच्या हातात, तर शिव्याही तिलाच खाऊ देत.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. गावची मोटर गेल्या आठवड्यात चेनपुलीने उचलून दुकानात आणली आणि उघडली. वाइंडिंग जळलं होतं, ते नवं भरलं. मागचं बेअरिंगही गेलं आहे. पुढचं, काकांनी बसवलेलं, शाबूत आहे. बोटाने फिरवलं तर आवाज नाही, थरथर नाही. ग्रीससुद्धा अजून ओलं आहे. मी बराच वेळ ते फिरवत बसले होते.

मोटर वाइंडिंगसाठी उघडली की दोन्ही बेअरिंगं बदलायची, कितीही चांगली दिसली तरी, हे काकांनीच शिकवलं. नवी जोडी टेबलावर आहे. मी बेअरिंग ओढून काढायचा पुलर लावला आणि पुन्हा काढून ठेवला. बाबा म्हणतात की चांगलं आहे, राहू दे, त्यांच्या हातचं शेवटचं आहे. आई म्हणते, काकूला विचार. गाव दारात येऊन विचारतंय की किती वेळ. मी त्यांना व्हार्निश वाळतंय असं सांगितलं आहे. ते दोन दिवसांत वाळेल.

तू म्हणशील तसं करेन. या एका बाबतीत तुझ्याशी वाद नाही. माझ्यावर हात ठेव आणि लवकर लिही.

तुझीच,
पकड


दुकान,
२४ एप्रिल

चि. पकडीस,
अनेक उ. आ. वि. वि.

काढ.

तुझं पत्र मी गल्ल्याशी उभ्यानेच वाचलं. मग समोर बसलेल्या गिऱ्हाइकाला उद्या यायला सांगितलं आणि शटर अर्धं खाली ओढलं. बेअरिंग बसवण्याआधी तुझे काका ते तेलात गरम करायचे. हातोडी थेट मारायचे नाहीत, मध्ये लाकडाचा तुकडा धरायचे. आणि मग चिंधी जवळ असली तरी हात बाहीलाच पुसायचे. ती बाही धुवायला माझ्याकडे आली नाही. त्या दिवसाचं मी बाकी सगळं पुन्हा पुन्हा आठवलं आहे, पण त्यांनी तिथे हाताने नेमकं काय केलं, हे मला कधी कोणी सांगितलं नव्हतं. तू सांगितलंस. ग्रीस ओलं आहे, आवाज नाही. म्हणजे घाई केली नव्हती. त्या दिवशी निघायला उशीर का झाला असं मी त्यांना मनात किती वेळा विचारलं असेल. त्याचं उत्तर तुझ्या टेबलावर आहे.

पण ते काढायचं. आज चांगलं आहे म्हणून ठेवलं आणि भर उन्हाळ्यात अडकलं, तर नवं वाइंडिंगही जाईल आणि बायका पुन्हा त्या विहिरीवर जातील. तेव्हा कोणी काकांना दोष देणार नाही, त्यांच्या हातचं होतं म्हणून सगळे गप्प राहतील. असं गप्प राहणं मी पुरेसं पाहिलं. त्यांच्या नावाने आता काही अडवून ठेवायचं नाही. रस्ता नाही, आणि मोटर तर नाहीच. बाबांना सांग की वहिनींनी सांगितलं आहे, आणि त्यांचं मन मोडल्याबद्दल माझ्या वतीने त्यांना जेवताना आग्रह कर.

काढलेलं मला पाठवू नकोस. फडक्यात गुंडाळून कपाटातही ठेवू नकोस. भंगाराच्या डब्यात जिथे मागचं टाकशील तिथेच हेही टाक. काकांनी तेच केलं असतं, आणि दुसऱ्या मिनिटाला नव्या बेअरिंगची पेटी दातांनी फोडली असती. तू दातांनी फोडू नकोस.

रोटर आत घालताना एकटीने ओढाताण करू नकोस. तिरका गेला तर नवीन तार सोलली जाते. एकाला पलीकडून सरळ धरावा लागतो. तुझ्या बाबांना आयुष्यात कुठलीच वस्तू सरळ धरता आलेली नाही, हे तुझ्या आईला विचार. म्हणून मी परवा दुपारी रिकाम्या परत जाणाऱ्या दूधगाडीने वर येते आहे. दूधवाला म्हणाला की वळणाशी थांबायचं का. मी म्हटलं, तू रोज थांबतोस का? तो नाही म्हणाला. मग माझ्यासाठीही नको.

मला यायला उशीर झाला, किंवा पुलाशी पोचून माझा धीर सुटला आणि मी परत फिरले, तर माझी वाट बघत मोटर अडवून ठेवायची नाही. पलीकडून धरायला सुताराला घे. मी पोचायच्या आधी पाणी टाकीत चढलं असेल तर फारच छान. मग मी रोटर धरणार नाही, मत देणार नाही, काही शिकवणार नाही. टाकीखाली बसून ओंजळभर पाणी पिईन.

तुझ्या आईला म्हणावं, खांदा पुढे करून बस, मी केस विंचरून देईन. तुम्हा सगळ्यांवरचा जीव सोबत घेऊन येते आहे. तो पत्रातून पाठवत नाही.

तुझी,
काकू